गावाचा पाण्याचा ताळेबंद: नरसाळ्यापासून ग्रामसभेपर्यंत

ऑक्टोबरात कुठल्याही जिरायती गावच्या पारावर जाऊन बसा, एक वाक्य हमखास कानावर येतं: "औंदा पाऊस बरा झाला." बरा म्हणजे किती, असं विचारलं की कोणी ओढा कितीदा वाहिला ते सांगतो, कोणी विहिरीला किती परस पाणी आहे ते, आणि कोणी नुसताच हात हलवतो. यातलं कुठलंच उत्तर खोटं नसतं. पण त्यावरून गहू किती एकर पेरायचा हे ठरवता येत नाही, आणि ते न ठरवल्याचा हिशेब मार्च-एप्रिलमध्ये टँकरच्या अर्जात द्यावा लागतो.

खेड्यात विज्ञान न्यायचं म्हटलं की बहुतेकांना प्रदर्शन, व्याख्यान, फार तर ड्रोनचं प्रात्यक्षिक सुचतं. पाहुणे येतात, फोटो निघतात, दुसऱ्या दिवशी सगळं जागच्या जागी. मला भरवशाचा वाटतो तो रस्ता फार स्वस्त आहे: गावाने स्वतःचं पाणी स्वतः मोजायचं आणि तो आकडा भिंतीवर लिहायचा. त्याला लागतं काय, तर तीन नरसाळी, एक लांब टेप, एक वही, ऑइल पेंटचा छोटा डबा, आणि वर्षभर टिकतील अशी चार-पाच माणसं. यातली शेवटची गोष्ट मिळवणं सगळ्यात अवघड.

आधी माणसं

सुरुवात मे महिन्यात करा, म्हणजे पहिल्या पावसाआधी सगळं जागेवर असेल. रोजचा पाऊस मोजायला शाळा उत्तम. आठवी-नववीची मुलं, एक शिक्षक, आणि सुट्टीच्या दिवसासाठी शाळेजवळ राहणारं एक घर. मुलांना हे जमेल का, अशी शंका असेल तर पाबळचा विज्ञान आश्रम आठवा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला तेव्हापासून तिथे मुलं हाताने काम करूनच विज्ञान शिकतात. विहिरी मोजायला ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आणि सोबत वायरमनसारखा मळ्या-मळ्यात ओळख असलेला माणूस घ्या. पिकांच्या क्षेत्रासाठी तलाठी आणि कृषी सहायक लागतील.

पाणी भरणाऱ्या बायकांशी या कामात सगळ्यात आधी बोला. कुठली विहीर पहिली आटते, कुठल्या हापशाला किती दांडे मारल्यावर पाणी येतं, ही माहिती त्यांना तोंडपाठ असते. कुठल्याही सर्वेक्षणाच्या फॉर्मात तिला रकाना नसतो.

पाऊस मोजणं

बाजारातला पर्जन्यमापक मिळाला तर छानच. नसेल तर ११.३ सेंटिमीटर व्यासाचं नरसाळं शोधा. हा विचित्र आकडा का? एवढ्या व्यासाच्या तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ १०० चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणून त्यातून खाली पडलेलं १० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. गुणाकार-भागाकाराची भानगड नाही. खाली दोन लिटरची बाटली ठेवा. तिच्यात २०० मिलिमीटर पाऊस मावतो, म्हणजे ढगफुटीसारखा दिवस सोडला तर ती भरून सांडणार नाही. मोजायला औषधाची मोठी सिरिंज किंवा मापाचा प्याला चालतो.

बाटली उघड्यावर ठेवली की उन्हाने पाणी उडतं आणि वाऱ्याने ती आडवी होते. म्हणून ती जाड पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवा आणि पाइप जमिनीत घट्ट रोवा. जागा मोकळी हवी. जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतर सोडा. एका शाळेत पर्जन्यमापक कडुनिंबाखाली बसवलेला पाहिला. मुलांना ऊन लागू नये म्हणून. हेतू चांगला होता, पण तो आख्खा मोसम फुकट गेला.

नोंद रोज सकाळी साडेआठला. हवामान खात्याची वेळ तीच आहे, त्यामुळे तुमचा आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. पाऊस नसेल त्या दिवशी रकान्यात शून्य लिहा. रिकामा रकाना म्हणजे पाऊस नव्हता की मोजायला कोणी गेलंच नाही, हे ऑक्टोबरात कोणालाही सांगता येत नाही.

महसूल मंडळाच्या हवामान केंद्राचा आकडा आयता मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं कोणीतरी विचारेलच. मंडळात बरीच गावं असतात आणि दुष्काळी पट्ट्यात पाऊस शिंगावर पडतो: बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं. म्हणूनच हजार हेक्टरच्या गावात तीन ठिकाणी मोजा: डोंगराकडचा मळा, गावठाण, आणि ओढा गावाबाहेर पडतो तिथली वस्ती. मात्र एक लक्षात असू द्या. अतिवृष्टीच्या भरपाईसाठी २४ तासांत ६५ मिलिमीटरचा जो निकष लावतात, तो मंडळाच्या केंद्रावर मोजला जातो. तुमची बाटली तिथे पुरावा म्हणून चालणार नाही. ती गावाच्या हिशेबासाठी आहे, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

विहिरी मोजणं

महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग काळ्या दगडाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो बनला. वरची माती, खालचा मुरूम आणि भेगाळलेला खडक यांत पाणी मावतं, त्याखालच्या अखंड पाषाणात जवळपास काहीच नाही. जमिनीखाली पाण्याची नदी वाहते ही समजूत इथे फार महागात पडते. भूजलाचे जाणकार अशा झिजलेल्या बेसॉल्टमधून हाती येणारं पाणी साधारण १ ते ३ टक्के धरतात. म्हणजे एक घनमीटर मुरूम पूर्ण भिजलेला असला, तरी त्यातून विहिरीत उतरणारं पाणी १० ते ३० लिटर. आपलं भांडं मोठं दिसतं, पण ते बहुतांश दगडाने भरलेलं आहे. हे समजवायला मी बादलीत खडी भरून वरून पाणी ओततो. पाच मिनिटांचा खेळ, पण म्हातारी माणसंसुद्धा पुढे सरकून बघतात.

दहा-बारा विहिरी निवडा. काही पाणलोटाच्या माथ्याकडच्या, काही मधल्या, काही खालच्या, आणि गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर त्यात हवीच. पाझर तलावाच्या अगदी पायथ्याची किंवा नदीकाठची विहीर टाळा. ती गावाचं नव्हे, तलावाचं किंवा नदीचं पाणी दाखवते. बोअर शक्यतो नको, कारण ते वेगळ्या, खोल थरातलं पाणी उपसतं. त्याची पातळी उथळ विहिरींच्या रकान्यात लिहिली की सगळी सरासरी बिघडते.

प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइल पेंटने एक ठळक खूण करा. दर वेळी तिथूनच मोजायचं. टेपच्या टोकाला वजन बांधा, पाण्याला टेकल्याचा आवाज येतो. कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहा. वेळ पहाटेची किंवा वीज नसतानाची. मोटर चालू असताना घेतलेलं माप विहिरीचं नसतं, त्या दिवसाच्या भारनियमनाचं असतं. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला मोजणं जमलं तर उत्तम, नाहीतर जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर हे चार महिने चुकवू नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच महिन्यांत मोजते, म्हणजे तुलनेला आधार मिळतो.

मे आणि ऑक्टोबर यांतला फरक ही पावसाने केलेली भर. हिशेबातला सगळ्यात मोलाचा आकडा हाच.

जमेची बाजू

दोन मापं पाठ करा. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी होतं. आपल्या भाषेत एक टँकर. आणि हजार घनमीटर म्हणजे एक टीसीएम, १० लाख लिटर, असे १०० टँकर. कागदावर हिशेब टीसीएममध्ये मांडा, सभेत टँकरमध्ये सांगा.

आता एक कल्पित गाव घेऊ. क्षेत्र १,००० हेक्टर, लोकवस्ती २,०००, मोसमात पाऊस ४५० मिलिमीटर. म्हणजे गावावर पडलेलं पाणी ४,५०० टीसीएम, ४५० कोटी लिटर. हा आकडा ऐकून सभेत कोणीतरी "मग टंचाई कसली?" म्हणणार. म्हणू द्या.

यातलं वाहून किती गेलं, हे काढायला स्ट्रेंजचा तक्ता वापरतात. ब्रिटिश अमदानीत मुंबई प्रांतातल्या अभियंत्याने तो बसवला. मोसमी पाऊस आणि पाणलोटाचा प्रकार (चांगला, मध्यम, खराब) पाहून तो अपधावेचं, म्हणजे वाहून जाणाऱ्या पाण्याचं, प्रमाण देतो. जलसंधारणाच्या कार्यालयात तो सहज मिळतो. उदाहरणापुरतं १२ टक्के धरू: ५४० टीसीएम ओढ्याला लागलं. जमिनीत मुरलेलं ८ टक्के धरू: ३६० टीसीएम. उरलेलं ३,६०० माती, पिकं, गवत, झाडं आणि उन्हाने घेतलं. ते वाया गेलं असं समजू नका. खरिपाची बाजरी-तूर आणि शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, ओल त्यातलीच. फक्त ते आता मोटरीला मिळणार नाही.

मुरलेल्या ३६० ची खातरजमा विहिरींवरून करा. विहिरींचा पट्टा ६०० हेक्टर, मे ते ऑक्टोबर पातळी सरासरी साडेतीन मीटर वर आली, आणि खडकातून मिळणारं पाणी २ टक्के धरलं तर ६०० × १०,००० × ३.५ × ०.०२, म्हणजे ४,२०,००० घनमीटर, ४२० टीसीएम. दोन वाटांनी आलेली उत्तरं जवळपास आहेत, पण एक नाहीत. अशा वेळी लहान आकडा घ्या. हिशेबात पाणी कमी धरलं आणि प्रत्यक्षात जास्त निघालं तर कोणी भांडायला येत नाही. उलट तुमचा आकडा दुपटीने वेगळा आला तर कुठेतरी चूक आहे. बहुतेकदा ती विहिरींच्या पट्ट्याचं क्षेत्र धरण्यात असते, कारण माथ्यावरची उघडी खडकाळ जमीनही लोक त्यात मोजतात.

मग बंधारे, पाझर तलाव, नाला बांध. इथे मूळ अंदाजपत्रकातली साठवण कधीही वापरू नका. दहा-पंधरा वर्षांच्या बांधात निम्मा गाळ असू शकतो. मेमध्ये कोरडा असताना स्वतः मापा: पाणी मागे जातं ती लांबी, सरासरी रुंदी, भिंतीजवळची खोली, आणि गुणाकाराला भागिले २. लांबी १०० मीटर, रुंदी १० मीटर, खोली २ मीटर असेल तर साठवण १,००० घनमीटर, म्हणजे एक टीसीएम. आपल्या गावात अशी सगळी मिळून ८० टीसीएम निघाली आणि मोसमात ती दीडदा भरली असं धरू: १२० टीसीएम. निम्मं उन्हाने आणि इतर वापरात जाईल, ६० मुरेल.

जमेला ३६०, त्यातून जमिनीखालून आपोआप ओढ्यात निसटणारं १० टक्के वजा, उरले ३२४, अधिक हे ६०. बेरीज ३८४, ढोबळ ३८० टीसीएम.

या ठिकाणी एक फसवणूक सर्रास होते. प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी जमेत धरतात. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवून भरलेलं तळं जमेत घ्या. विहिरीतून मोटर लावून भरलेलं तळं ही जमा नाही, तो उपसा आहे. आणि वर तो उन्हात उघडा ठेवलेला. गावाचं जमिनीखालचं सामाईक पाणी एकाच्या प्लॅस्टिकच्या तळ्यात गेलं एवढाच त्याचा अर्थ. हे वाक्य सभेत बोलायला धीर लागतो, पण न बोलता ताळेबंद मांडणं म्हणजे वेळ घालवणं.

खर्चाची बाजू

ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत सुमारे २४३ दिवस धरा. माणशी रोज ५५ लिटर, जल जीवन मिशनचं माप. २,००० माणसांना साधारण २७ टीसीएम लागतं. ८०० मोठी जनावरं, प्रत्येकी रोज ५० लिटर, आणि हजारभर शेळ्या-मेंढ्या मिळून १२ टीसीएम. म्हणजे माणसांचं आणि जित्राबांचं पाणी पावसाळा येईपर्यंत फक्त ४० टीसीएमच्या आत. जमेच्या जवळपास दहावा हिस्सा.

हा आकडा फळ्यावर लिहिला की सभा गप्प होते. दहा हिश्श्यांतला एक पिण्यासाठी लागत असेल, तर पिण्याच्या विहिरीला कोरड पडतेच कशी?

उत्तर मोटरीजवळ आहे. दोनशे लिटरचा ड्रम घ्या, पाइपखाली धरा, घड्याळ लावा. २० सेकंदांत भरला तर सेकंदाला १० लिटर, तासाला ३६,०००, आणि आठ तासांच्या विजेत २ लाख ८८ हजार लिटर. विहिरींत पाणी असेल आणि अशा १०० मोटरी दिवसभर चालल्या, तर एका दिवसाचा उपसा जवळपास २९ टीसीएम. आख्ख्या गावाचं आठ महिन्यांचं पिण्याचं पाणी एका दिवसात. हा ड्रमचा प्रयोग ज्याच्या मळ्यात करायचा तो माणूस विचारपूर्वक निवडा. सरपंचाच्या किंवा गावातल्या मोठ्या बागायतदाराच्या मळ्यात, त्याच्याच हाताने झाला तर निम्मी सभा तिथेच जिंकली.

पिकांसाठी ढोबळ मापं अशी: शाळूला पाण्याच्या दोन संरक्षित पाळ्या धरून हेक्टरी दीड टीसीएम, हरभऱ्याला दोन, गव्हाला चार, रब्बी-उन्हाळी कांद्याला साडेपाच ते सहा. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाला वीस-पंचवीस, म्हणजे या आठ महिन्यांत सोळाच्या आसपास. तुमच्या जमिनीप्रमाणे, पद्धतीप्रमाणे हे बदलेल. कृषी विज्ञान केंद्राकडून आपल्या भागाचे आकडे घ्या.

आता लोकांना काय पेरायचं आहे ते वस्तीवर फिरून विचारा. ई-पीक पाहणीचे मागच्या वर्षीचे आकडे सोबत ठेवा, पण विसंबा मात्र विचारपुशीवरच. आपल्या गावात शाळू ६० हेक्टर, हरभरा ५०, गहू ४०, कांदा ४०, ऊस १० असं निघालं. पाणी लागेल ९०, १००, १६०, २४० आणि १६०. बेरीज ७५०, अधिक पिण्याचं ४०. मागणी ७९०, शिल्लक ३८०.

सभा

तारीख नीट निवडा. २ ऑक्टोबरची ग्रामसभा सोयीची वाटते, पण बऱ्याच वर्षी परतीचा पाऊस तेव्हा संपलेला नसतो. उशीर केला तरी पंचाईत. शाळू पेरून झालेला असतो, कांद्याची रोपं टाकलेली असतात, ऊसवाला बेणं ठरवून बसलेला असतो. मी दोन टप्पे सुचवतो: सप्टेंबरच्या मध्याला कच्चा अंदाज जाहीर करायचा, आणि ऑक्टोबरच्या मध्याला खास सभा घेऊन पक्का ताळेबंद मांडायचा, म्हणजे गव्हाच्या पेरणीआधी हातात दोन-तीन आठवडे राहतात.

सभेत उपाय सांगू नका. तूट लिहा आणि थांबा. "कुठलं कमी करायचं?" एवढंच विचारा. पहिला अर्धा तास आकडेच खोटे आहेत यावर जाईल. त्यासाठीच वही, बाटली आणि कठड्यावरची खूण. ज्याला शंका आहे त्याला उद्या सकाळी साडेआठला शाळेत बोलवा, किंवा टेप त्याच्या हातात द्या. स्वतः मोजलेल्या माणसासारखा वकील दुसरा मिळत नाही.

मग खरी बोलणी सुरू होतात. आपल्या उदाहरणात नवीन ऊस पूर्ण बंद, उभ्यापैकी दोनच हेक्टर ठिबकवर (हेक्टरी १० धरून २०), गहू १० हेक्टर (४०), कांदा १५ (९०), हरभरा ४० (८०), शाळू तसाच (९०). पिण्यासह ३६०. वीस टीसीएम हाती. कागदावर हे पाच ओळींत होतं, प्रत्यक्षात कांद्यावरून रात्रीचे अकरा वाजतात. कांदा म्हणजे लग्न, कर्ज, शाळेची फी. पंधरा हेक्टर कांदा कोणी लावायचा, हा शास्त्राचा प्रश्न उरलेलाच नसतो.

इथे आपल्याकडचे दोन दाखले उपयोगी पडतात. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे या अभियंत्याने पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा हक्क जमिनीला नाही, माणसाला: माणशी अर्ध्या एकराचं पाणी, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. दुसरा दाखला हिवरे बाजारचा. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, आणि पुढे त्या गावाने शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, ऊस-केळी लावायची नाही, दर वर्षी पाणी मोजून पिकं ठरवायची, असे नियम पाळले. दोन्हीकडे पाणी कोणाला आणि कशाला, याचा नियम ठरलेला होता.

कायद्याचा धाक फार दाखवू नका. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला १९९३ च्या कायद्यापासून बंधन आहे, २००९ च्या भूजल कायद्यानेही खोल विहिरींवर मर्यादा घातली. ठरावात त्यांचा उल्लेख जरूर करा. पण शेजाऱ्याच्या बोअरची गाडी रात्री दोन वाजता येते तेव्हा तिथे तहसीलदार नसतो, शेजारीच असतो.

ठराव लहान लिहा. पिण्याच्या विहिरीभोवतीच्या मोटरी फेब्रुवारीनंतर कोणत्या आणि किती तास चालतील, हे नावानिशी, मालकांच्या सहीने. बाकीचं मोघम राहिलं तरी चालेल, हे राहू नये.

फलक आणि पुढचं वर्ष

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर जमा-खर्च रंगवा, आणि त्याखाली खडूने बदलता येईल अशी एक ओळ ठेवा: पिण्याच्या विहिरीची आजची पातळी, आणि मागच्या वर्षी याच तारखेला किती होती. रोज तिथून जाणारा माणूस ती ओळ वाचतो. व्हॉट्सअॅपवर टाकलेला तक्ता कोणी उघडत नाही.

पहिल्या वर्षी अंदाज चुकतील, बहुधा बरेच. मेमध्ये विहिरी पुन्हा मोजा. ऑक्टोबरात तुम्ही म्हणालात त्यापेक्षा पातळी खूप खाली गेली असेल, तर दोनपैकी एक झालं: मुरलेलं पाणी जास्त धरलं होतं, किंवा ठरल्यापेक्षा जास्त क्षेत्र भिजलं. दुसरं कारण शोधायला वस्तीवर फेरी मारा. कांद्याचे ढीग लपत नाहीत. पहिलं असेल तर मुरण्याचं ८ टक्के पुढच्या वर्षी ७ करा, आणि वहीत का केलं ते तारखेसह लिहून ठेवा. नववीतला मुलगा दहावी होऊन कॉलेजला जाईल, शिक्षकाची बदली होईल. वही शाळेच्या कपाटात नको, ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा, आणि तिची एक झेरॉक्स पाणी भरणाऱ्या बायकांपैकी जिला हिशेब आवडतो तिच्या घरी.